राज्य आईवर

"आता बरं दिसतंय, की मगाशी बरं दिसत होतं?"

मिरीची आई हा प्रश्न दिवसभर विचारत असे. चष्म्याच्या दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, एक काढायची आणि विचारायचं. भलेभले लोक या प्रश्नाला टरकतात. उत्तर चुकलं तर आपल्याला आंधळं ठरवून घरी पाठवतील, असं त्यांना वाटत असावं. त्या दुपारी खुर्चीत एक वकील होते. बराच विचार करून ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे."

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिचे बाबा होते.

"काय गं, मिरी तुझ्याकडे आहे ना?"

मूल ज्याच्यावर सोपवलेलं असतं त्याने विचारायचे जे काही प्रश्न असतात, त्यांत हा बसत नाही.

"माझ्याकडे कशी असेल? मी दुकानात आहे, बाबा. ती तुमच्याकडे आहे."

"हो, मीही तेच म्हणतोय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता. इतका शांत आवाज ते फक्त खोटं बोलताना किंवा घाबरल्यावर काढत. "नाही म्हणजे, आतापर्यंत होती."

तिने हेल्मेट उचललं आणि ती निघाली. वकीलसाहेब एका डोळ्यावर काच आणि दुसऱ्यावर झाकण अशा अवस्थेत मागे राहिले. पुढची तारीख मिळेपर्यंत बसून राहायची सवय असल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

मिरी साडेपाच वर्षांची. ती घाईने जन्माला आली होती, आणि त्या घाईत मेंदूला जी इजा झाली तिला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. डोकं तल्लख होतं. जीभ डोक्यापेक्षा तल्लख होती. हात जवळजवळ सांगितलेलं ऐकायचे. पाय मात्र एक गोष्ट सांगावी तर चार एकदम करायला जायचे, मग ताठ व्हायचे आणि एकमेकांत अडकायचे. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचे स्प्लिंट, ते मावावेत म्हणून मोठ्या मापाचे बूट, आणि पाठीमागून ओढत न्यायचा चाकांचा वॉकर, असा सगळा सरंजाम घेऊन ती चालायची. म्हणजे चालू दिलं तर.

कारण घरातल्या माणसांना प्रेम आवरत नसे. मिरीने भांड्याकडे बघितलं की भांडं तिच्या तोंडाशी यायचं. दाराकडे बघितलं की कोणीतरी तिला कडेवर घेऊन दारात उभं. तिचा बाप लिफ्टचा मेकॅनिक. माणसांना वर नेणं हाच त्याचा धंदा. आजोबा, म्हणजे आईचे बाबा, त्यांची कंबर धरायची. पण नात उचलताना त्यांना कंबर असल्याची आठवणच व्हायची नाही. इमारतीतली मुलं खाली लपंडाव खेळायची तेव्हा मिरी त्यातही असायची, पण कडेवर. तिला घेऊन कोणीतरी मोठं माणूस खांबाआड उभं राहायचं. राज्य असलेलं पोर येऊन त्या मोठ्या माणसाला बघायचं, मिरीला बघायचं, आणि काही न बोलता पुढे जायचं. मिरी कायम कच्चं लिंबू. आउटच होत नाही असा खेळाडू.

हे सगळं फिजिओबाईंनी मोडायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हिचा दिवस कसा जातो?" आईने पाठ केल्यासारखं सांगितलं: सकाळी पाय ताणायचे, दुपारी फळीला बांधून उभं करायचं, संध्याकाळी पुन्हा ताणायचे. एकही दिवस चुकवलेला नव्हता.

"हा तुमचा दिवस झाला," फिजिओबाई म्हणाल्या. "ही दिवसभर काय करते?"

मग त्यांनी मिरीला मैदानावरच्या गटात घेतलं. तिथे तशीच पाच-सहा मुलं गवतावर लोळायची, चेंडूमागे रांगायची, पायऱ्या चढायची-उतरायची, एकमेकांना ढकलायची. आणि पडायला शिकायची. हात कसे पुढे टाकायचे, मान कशी धरायची, मग उठायचं कसं. आजोबांच्या मते पडायचा क्लास काढणारी बाई एक तर फार हुशार असणार, नाही तर तिचा कोणीतरी नातेवाईक टाके घालणारा असणार.

आणि मागच्याच आठवड्यात तिथे मिरीचा ओठ फुटला. टाके पडले. आईने तिला डॉक्टरांच्या टेबलावर धरून ठेवलं होतं, आणि त्या रात्रीच तिने ठरवलं होतं: गट बंद. मैदान बंद. घरी काय व्यायाम व्हायचे ते होतील, फळी आहे, चटई आहे. फिजिओबाईंना तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी घरी येते. माझ्यासमोर सांगा, आणि मिरीसमोर सांगा. मग मी पुन्हा विषय काढणार नाही." त्या आज पाच वाजता यायच्या होत्या. मिरीला आईने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. मिरी काही बोलली नव्हती. ही मुलगी गप्प बसली, याचाच खरं तर घरात कोणाला तरी संशय यायला हवा होता.

लिफ्ट चार दिवस बंद होती. लिफ्टच्या मेकॅनिकच्या इमारतीतली लिफ्ट बंद, यावरचे विनोद शेजाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांतच संपवले होते. आई तिन्ही मजले धावत चढली. दार सताड उघडं. बाबा दारात, हातात मिरीचा स्वेटर. तो त्यांनी का उचलला होता ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काय झालं? नीट सांगा."

बाबा पूर्वी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरले की तराजूच्या पारड्याखाली बोट घालून बघायचे; बटाटे घेतानाही समोरच्याला गुन्हेगार धरून बोलायचे. निवृत्तीनंतर खातं सुटलं, संशय सुटला नाही. दुपारी पाणीवाला पिण्याच्या पाण्याचा मोठा जार घेऊन आला होता. बाबांना जार हलका वाटला. त्यांनी पाणीवाल्याला आत बोलावलं, बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि त्यावर जार ठेवायला लावला. मग रिकाम्या जारचं वजन वजा करायचं होतं म्हणून रिकामा जार ठेवला. मग काटाच खोटा असेल म्हणून स्वतः उभे राहिले. मग पाणीवाल्याला उभं केलं.

"आणि मिरी?"

"हॉलमध्ये होती. चटईवर. दार उघडंच होतं, तो जाणार होता ना रिकामा जार घेऊन... मी बाहेर येऊन बघतो तर..." बाबांनी स्वेटरची घडी घातली, मोडली. "जार बरोबर भरला अगं."

"जारचं मरू दे!"

तिने घर उलटंपालटं केलं. पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये, पडद्यामागे. मग तिचं लक्ष गॅलरीकडे गेलं. गॅलरीत एक स्टूल होतं आणि ते कठड्याला टेकलेलं होतं. तिथपर्यंतची चार पावलं तिने कशीबशी टाकली. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, मान खाली केली आणि मग डोळे उघडले.

खाली स्कूटरी होत्या. पोरं धावत होती. बाकी काही नव्हतं.

ती आत वळली.

हॉलमध्ये मिरीचा वॉकर भिंतीला लावून ठेवलेला होता, सकाळी ठेवला तसाच. बाबांनी तो तिला दाखवला. त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला होता. घाबरलेल्या माणसाला आपलं जुनं काम आठवलं की जरा आधार वाटतो.

"हे बघ. वॉकर इथे. लिफ्ट बंद. जिना समोर. अर्थ एकच निघतो."

"उचलून नेलं," आई म्हणाली.

"उचलून नेलं," बाबा म्हणाले.

ज्या मुलीला सगळे कायम उचलून नेतात ती दिसेनाशी झाली, म्हणजे तिला कोणीतरी उचलून नेलेलं असणार. या तर्कात चूक काढायला कुठे जागा नव्हती, आणि त्या दोघांनी शोधलीही नाही.

मग शोध सुरू झाला तो नेणाऱ्याचा. पहिल्या मजल्यावर शिंपीणकाकू राहायच्या. मिरी दिसली की तिला न विचारता काखेत मारायची त्यांना खोड होती. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं नाही, आणि बाबांनी ती कबुली धरली. ते सरळ आत घुसले. कपाटं उघडली. शिवायला टाकून कधीच कोणी न नेलेले कपडे त्यांच्या अंगावर कोसळले.

"अहो, काय करताय काय!" टाचण्या थुंकून शिंपीणकाकू म्हणाल्या. "माझ्याकडे असती तर मी तुम्हाला हाक मारली नसती का? कोणी नेली पोरीला?"

त्यांनीही तेच विचारलं. मग त्याही चपला न घालता खाली आल्या.

खाली पार्किंगमध्ये एव्हाना माणसं जमली होती. माणसं जमायला बातमी पूर्ण लागत नाही, अर्धी पुरते. सोसायटीचे चेअरमन पायजम्यावर उतरले होते. त्यांना सगळ्यांनी कॅमेऱ्याबद्दल विचारलं. कॅमेरा होता, चालूही होता. फक्त तो चेअरमनांच्या गाडीवर रोखलेला होता. गाडी अजिबात हललेली नाही, एवढं त्यात स्पष्ट दिसत होतं.

"पाणीवाला," कोणीतरी म्हणालं. "तो आला होता ना त्याच वेळी?"

पाणीवाल्याचा टेम्पो शेजारच्या इमारतीसमोर उभा होता. चारपाच जण गेले आणि त्याला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे एकाने कॉलर धरली होती, एकाने दंड. तो आडव्या हाडाचा माणूस होता, खांद्यावरचा शर्ट जार वाहून वाहून झिजलेला. तो ओरडत नव्हता. ओरडला तर काय होईल हे त्याला ठाऊक असावं.

"पोरगी कुठंय?"

"मला काय माहीत? मी जार टाकतो साहेब. पोरं नाही नेत."

"टेम्पो बघा याचा!"

टेम्पो बघून झाला. जार खाली उतरवून झाले. जारच्या तोंडातून पाच वर्षांची मुलगी आत जात नाही, हे उघड असूनही एकाने एका जारमध्ये वाकून बघितलं. गर्दीत असलं की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटावं लागतं.

"याचा जोडीदार असणार," मागून आवाज आला. "हा आत बोलत बसतो, तो बाहेरून काम करतो."

पाणीवाल्याने बाबांकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही सांगा ना यांना. मी तुमच्यासमोर काट्यावर उभा होतो."

हे खरं होतं. ज्या माणसावर सगळ्यांचा संशय होता तो नेमक्या त्या वेळी बाबांच्या स्वयंपाकघरात, बाबांच्या हुकमावरून, बाबांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं वजन करून देत होता. बाबांच्या हे लक्षात आलं. पण तोवर माणसं जमली होती, आणि जमलेली माणसं परत कशी पाठवायची याचं प्रशिक्षण त्यांच्या खात्यात दिलं जात नसे. त्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. कॉलर धरलेल्या माणसाने पकड आणखी आवळली.

"त्याला सोडा," बाबा शेवटी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. "सोडा म्हणतो ना! तो माझ्यासमोर होता!" आवाज चिरकला, पण निघाला. कॉलर सुटली. पाणीवाल्याने शर्ट खाली ओढला. तो तिथून गेला मात्र नाही. आता मुलगी सापडेपर्यंत जाण्यात त्याला धोका वाटत होता.

खेळणाऱ्या पोरांनाही रांगेत उभं करून झालं. त्यांची म्होरकी नऊ वर्षांची होती. सगळ्या खेळांत कोण कुठे, कोणावर राज्य, कोण रडीचा डाव खेळतं, हे तीच ठरवायची, म्हणून तिला सगळे मुकादम म्हणायचे.

"मिरीला खाली पाहिलंत का कोणी?"

नाही, सगळ्यांनी सांगितलं. आणि खरं सांगितलं.

"मगाशी ती गॅलरीतून म्हणाली होती, मी आहे खेळायला," मुकादम म्हणाली. "मी म्हटलं, ये मग खाली. मग ती आली नाही. काका, ती लपली अस..."

"तू गप्प बस जरा," चेअरमन म्हणाले. "मोठी माणसं बोलतायत ना?"

मोठी माणसं बोलत होती. सगळी एकदम बोलत होती. मिरीच्या नावाने हाका मारत होती, गच्चीवरून, गेटवरून, टाकीपाशी, "मिरीऽ, ए मिरीऽ!" एकाहून एक मोठ्याने. उत्तर येत नव्हतं.

बाबांनी कळवल्यावर तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी ऑफिसच्या लिफ्टच्या खड्ड्यात होता, तिथून बाहेर पडत होता, धापा टाकत होता. "लिफ्ट बंद आहे. ती जाणार कुठे? कोणी नेलं असेल तर अजून लांब नसेल गेला. तू पोलिसांना फोन कर. आत्ता. ऐकतेयस ना?"

"हो."

"मी निघालोच."

पार्किंगच्या मधोमध एक जाड खांब होता. आई त्याच्यापाशी गेली, कारण तिला आता कशाला तरी टेकायला हवं होतं. तिने खांबावर कपाळ टेकलं. डोळ्यांवर हात दाबून धरला. पोलिसांना फोन लावला की हे सगळं खरं होणार होतं. फोन तिच्या दुसऱ्या हातात होता आणि अंगठा हलत नव्हता.

कोणीतरी तिच्या बॅगेचा पट्टा हळूच ओढला.

"काकू." मुकादमचा आवाज, अगदी कानाशी. "हलू नका. मागे बघू नका."

"काय?"

"ती आहे. जिन्याखाली होती. ते लिफ्टचे जुने दरवाजे ठेवलेत ना, त्यांच्या मागे. तिला वाटतंय तुमच्यावर राज्य आहे. तुम्ही खांबाला डोकं लावून डोळे मिटलेत ना, म्हणून. ती धप्पा करायला निघालीय."

आईचं अख्खं अंग मागे वळायला निघालं होतं. ते तिने कसं थांबवलं ते सांगता येणार नाही. खांबाशेजारच्या स्कूटरच्या छोट्या गोल आरशात तिने नजर वळवली.

तिथे मिरी होती. उभी होती. एक हात एका स्कूटरच्या सीटवर, दुसरा पुढच्या स्कूटरच्या हँडलकडे लांबवलेला. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, टाक्यांच्या बाजूला. चेहऱ्यावर जे काही होतं ते आईने याआधी बघितलं नव्हतं, आणि गेली साडेपाच वर्षं ती या चेहऱ्याशिवाय दुसरं फारसं काही बघत नव्हती.

लिफ्टचे ते दरवाजे मिरीच्या बापानेच काढून तिथे टेकवून ठेवले होते. सगळी गर्दी मघापासून त्यांच्यासमोरच उभी होती. मूल जिथे लपवता येईल अशा सगळ्या जागा लोकांनी धुंडाळल्या होत्या. मूल जिथे लपेल, तिथे कोणी वाकून बघितलं नव्हतं.

"उचलते तिला," आई पुटपुटली.

"अहो नको! आउट होईल ती."

"मुकादम, ती पडेल."

"आता तुम्ही ओरडलात तर नक्की पडेल."

हे मात्र खरं होतं, आणि आईला ते कोणापेक्षाही जास्त माहीत होतं. अचानक आवाज झाला की मिरीचं सगळं अंग दचकून ताठ व्हायचं, हात वर उडायचे. स्कूटरच्या रांगेत, लोखंडी स्टँड आणि तापलेल्या सायलेन्सरांच्या मध्ये. आई थांबली ती शहाणपणाने नाही. शहाणपण सुचायला वेळच नव्हता. ती भीतीने थांबली.

"मी टाइमप्लीज म्हणू?" तिने विचारलं.

"राज्य असणाऱ्याला टाइमप्लीज नसतं," मुकादम म्हणाली. तिला नियम मोडलेला चालत नसे.

हळूहळू गर्दीला दिसू लागलं. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. हाका बंद पडल्या. शिंपीणकाकूंनी तोंडावर हात घेतला. चेअरमन काहीतरी म्हणणार होते. मुकादमने त्यांच्याकडे बोट रोखलं, आणि ते न म्हणता राहिले. बाबांना दिसली तेव्हा ते स्वेटर पुढे धरून धावत सुटले. पाणीवाल्याने त्यांचा दंड पकडला. जार उचलणाऱ्या हाताची पकड. बाबा जागच्या जागी थांबले.

"थांबा ना, आजोबा," तो हळू म्हणाला. "मी थांबलो ना मगाशी."

आरशात आता मिरी दिसेना. ती आरशाच्या बाहेर गेली होती. आईने पुन्हा कपाळ खांबाला लावलं आणि डोळे मिटले, कारण उघडे ठेवले असते तर ती वळलीच असती.

"कुठे आहे?"

"शेवटच्या स्कूटरपाशी. आता पुढे धरायला काही नाही," मुकादम कानात कुजबुजत होती. "बघतेय. विचार करतेय. जाळी आहे ना मध्ये, गटाराची, ती बघतेय."

"जाळीवर नको म्हण तिला."

"मी कशी बोलू? आम्ही बघतोय हे कळेल ना तिला." मग थोडं थांबून: "सोडला हात. एक पाऊल. दुसरं. पाय अडकला, सोडवला. जाळीच्या बाजूने जातेय. तिसरं..."

धप्प असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. एवढ्या माणसांनी एकदम श्वास घेतला त्याचा आवाज त्याहून मोठा होता.

आईची बोटं खांबाच्या प्लास्टरमध्ये रुतली.

"पडली," मुकादम म्हणाली. "थांबा. थांबा हो काकू! हात पुढे टाकले तिने. तोंड नाही लागलं. रडत नाहीये. आजूबाजूला बघतेय कोणी बघितलं का. आम्ही सगळे वर बघतोय. चेअरमनकाका पण वर बघतायत. आता गुडघ्यावर आली. एक पाय पुढे घेतला. हात गुडघ्यावर... उठत नाहीये. पुन्हा. पुन्हा करतेय..."

मग मुकादम बोलायची थांबली. आईला वाटलं आता संपलं. सिमेंटवर प्लॅस्टिक घासत आल्यासारखा आवाज येत होता, थांबत होता, येत होता. जोराने चाललेला श्वास ऐकू येत होता, लहान मुलीचा, इतका जवळ की मानेवर लागावा.

कमरेत एक फटका बसला.

"धप्पाऽ!"

ओरडताना तोल गेला आणि मिरीने आईच्या कुर्त्याची मूठ पकडली. त्यावर ती लोंबकळत राहिली. आई वळली. तिने तिला उचललं नाही. उचलायला हात पुढे आले होते, ते तिने मिरीच्या दोन्ही काखांजवळ नुसते धरले, न लावता, दिव्याला वाऱ्यापासून आडोसा करावा तसे. मिरीचे तळवे सोलवटले होते, एकातून रक्त येत होतं. ओठ शाबूत होता. फ्रॉकची मागची बाजू तीन मजल्यांच्या धुळीने काळीठिक्कर होती.

"हे काय?"

"बसून उतरले. एकेक पायरी. फिजिओबाईंनी शिकवलंय," मिरी धापा टाकत म्हणाली. "तुम्ही सगळे किती ओरडत होतात! सारखं मिरी, मिरी. मी म्हटलं, बघितल्याशिवाय नाव घेतलं तर मी नाही बाहेर येणार. हो की नाही गं?"

"बरोबर," मुकादम म्हणाली.

शिंपीणकाकू रडायला लागल्या. बाबा पाणीवाल्याकडे वळले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून कबुल्या घेतलेल्या माणसाला स्वतःची कशी द्यायची ते पटकन सुचत नाही. "तुझा जार," ते म्हणाले, "बरोबर भरला." पाणीवाल्याने मान हलवली आणि तो उतरवलेले जार पुन्हा टेम्पोत चढवायला गेला. बाबा त्याच्यामागे गेले आणि, कंबर विसरून, एक जार उचलू लागले.

आईला रागवायचं होतं, रडायचं होतं, मिरीला घट्ट धरून तिन्ही मजले वर न्यायचं होतं, दार लावायचं होतं, कडी घालायची होती. हे सगळं एकाच वेळी, त्यामुळे ती ताठ उभी होती.

"आई," मिरी म्हणाली, "राज्य तुझ्यावर."

"काय?"

"मी धप्पा दिला ना? परत तुझ्यावरच राज्य. खांबाला तोंड कर."

"मिरी, हातातून रक्त येतंय बाळा. वर जाऊ. धुऊ. मग..."

"काकू, रडीचा डाव नको," मुकादम म्हणाली. बाकीची पोरं एव्हाना आपापल्या जागांकडे पांगू लागली होती. मिरी स्कूटरची सीट धरून उभी होती. तिने आईकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. खेळणारी मुलं एकमेकांकडे बघतात तसं ते बघणं होतं: खेळतेयस की नाही, ते सांग.

गेट वाजलं. फिजिओबाई आल्या होत्या, खांद्याला पिशवी, पाचाला जरा कमी असताना. त्यांनी गर्दी बघितली, रिकामे-भरलेले जार बघितले, मिरीचा फ्रॉक बघितला, आणि कोणालाच काही न विचारता त्या आईपाशी येऊन उभ्या राहिल्या.

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग खांबाकडे तोंड केलं आणि डोळ्यांवर हात घेतले.

"एक," ती म्हणाली. "दोन."

घासत जाणारी पावलं दूर निघाली. जिन्याच्या दिशेने. नाही, टाकीच्या. नाही, पुन्हा जिन्याच्या. आईचं सगळं अंग कान होऊन त्यांच्यामागे जात होतं.

"तीन. चार."

पावलं थांबली.

"आई, कान पण बंद कर! माझे बूट वाजतात. तुला कळतं मी कुठे चाललेय."

"मिरी..."

"ही चीटिंग आहे हं!"

आईने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. आता काहीच नव्हतं. ना पार्किंग, ना जिना, ना मुलगी. फक्त कानांत स्वतःच्या रक्ताचा घोंघावणारा आवाज.

शेजारी उभ्या फिजिओबाईंनी तिच्या खांद्याला हात लावला असावा. काहीतरी विचारलंही असावं. तिने डोळे न उघडता, कानांतली बोटं न काढता मान जोरजोरात हलवली.

"मध्ये बोलू नका हो," ती म्हणाली. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ती फारच मोठ्याने बोलत होती. पार्किंगभर ऐकू गेलं. "माझं चुकतं. आणि तिला लपायला वेळ लागतो."

आणि अगदी सावकाश, दर आकड्याला एक मोठा श्वास घेत, ती पुढे मोजू लागली.

"पाच."